कस्टम गिटार आणि बेसचे रूप कसे ठरवावे : आवड ओळखण्यापासून ऑर्डरच्या कागदापर्यंत

दुकानात टांगलेली गिटार आवडली की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे असते. स्वतःसाठी घडवून घेताना मात्र बॉडीच्या आकारापासून ब्रिजच्या स्क्रूच्या रंगापर्यंत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. प्रत्येक प्रश्नाला ते आजवर पाहिलेले सर्वांत देखणे उत्तर देतात : टॉप (बॉडीवरची दर्शनी फळी) फुगीर गादीसारखी नक्षी दिसणाऱ्या क्विल्टेड मेपलचा, हार्डवेअर सोनेरी, फ्रेटबोर्डवर शिंपल्याचे जडावकाम, नेक सात पट्ट्या जोडून केलेला. सुट्या सुट्या पाहिल्या तर यांतल्या एकाही गोष्टीला नाव ठेवता येणार नाही. एका वाद्यावर आल्या की मात्र नजर कुठे ठरत नाही. रूप कसे उतरते हे निर्णय कोणत्या क्रमाने घेतले यावर फार अवलंबून असते, म्हणून पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडल्या आहेत. आवाज, वाजवण्यातली सोय आणि खर्च हे विषय जिथे रूपाशी भिडतात तेवढेच येथे घेतले आहेत.

पायरी १ : आवडीचा आणि नावडीचा संग्रह

आवडलेल्या वाद्यांची छायाचित्रे सगळेच जमवतात. त्याबरोबर न आवडलेल्या वाद्यांचाही एक संग्रह करावा आणि प्रत्येक छायाचित्राखाली कारण लिहावे. ‘छान आहे’ किंवा ‘जमले नाही’ एवढ्याने भागत नाही. ‘वरचे शिंग (नेकच्या बाजूला पुढे आलेले बॉडीचे टोक) फार टोकदार आहे’, ‘काळ्या पिकअपमुळे (तारांची कंपने टिपणाऱ्या भागामुळे) लाकडाची नक्षी मधोमध तुटते’, ‘हेडस्टॉक बॉडीच्या मानाने अवजड वाटतो’ अशी नेमकी वाक्ये लिहिता आली पाहिजेत. माझा अनुभव असा, की नावडीची कारणे अधिक स्पष्ट लिहिता येतात आणि वर्षानुवर्षे फारशी बदलत नाहीत. आवड मात्र नुकतेच काय पाहिले त्यावर हेलकावे खात असते. हा संग्रह काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा चाळावा. ज्या चित्रांवरून नजर आता झरकन पुढे सरकते ती निःसंकोच काढून टाकावीत.

चाळताना आणखी एक गाळणी लावावी. काही वाद्ये पाहायला आवडतात आणि काही गळ्यात अडकवायला आवडतात. विचित्र कोनांची, बर्ल (झाडाच्या गाठीतून निघालेल्या, वळणदार नक्षीच्या) लाकडाची, कोरीव कामाने भरलेली एखादी बेस पाहून आपण थक्क होतो, पण तीच घेऊन रोज सरावाला जाण्याची कल्पना केली की अवघडल्यासारखे होते. हे दोन गट वेगळे करावेत आणि ऑर्डर दुसऱ्या गटावरूनच ठरवावी.

छायाचित्र कसे घेतले आहे याकडेही लक्ष हवे. घडणीच्या अवस्थेतली बरीच छायाचित्रे लाकडावर पाणी किंवा स्पिरिट फिरवून घेतलेली असतात, कारण ओल्या लाकडाची नक्षी उठून दिसते. प्रकाश एका बाजूने आणि खालच्या कोनातून टाकला की फ्लेम मेपलच्या लाटा दुप्पट खोल वाटतात. घरातल्या नेहमीच्या दिव्याखाली ती लाट एवढी उसळणार नाही, हे धरूनच चालावे.

पायरी २ : तीन अंतरांवरून विचार

हा भाग मार्गदर्शक लेखांत सहसा येत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे. वाद्य तीन अंतरांवरून पाहिले जाते आणि प्रत्येक अंतरावर वेगळे काही दिसते.

पहिले अंतर वाजवणाऱ्याचे. गळ्यात अडकवलेली गिटार तुम्हाला समोरून कधीच दिसत नाही. दिसते ती वरून : बॉडीची वरची कड, वरच्या शिंगाची पाठ, नेकच्या कडेवरचे ठिपके, नॉबचे माथे आणि टॉपचा एक तिरका, आखूड झालेला पट्टा. फ्रेटबोर्डच्या दर्शनी भागावर केलेले महागडे जडावकाम वाजवणाऱ्याच्या वाट्याला फार थोडे येते. बाइंडिंगची, म्हणजे कडेला बसवलेल्या बारीक पट्टीची, रेघ, टॉप आणि बॉडी यांच्यामध्ये घातलेला पातळ गडद थर, कडेची गोलाई या गोष्टी मात्र सतत नजरेसमोर असतात. वाद्य स्वतःच्या डोळ्यांसाठी बनवून घ्यायचे असेल तर पैसा आणि विचार या कडेवर खर्च करावा.

दुसरे अंतर हातभराचे. वाद्य स्टँडवर असते, मित्र हातात घेऊन पाहतो. लाकडाची नक्षी, पॉलिशची खोली, जोडांची सफाई, स्क्रूंची रांग हे सारे याच अंतरावर दिसते. तिसरे अंतर प्रेक्षकांचे. पंधरावीस पावलांवरून फक्त बाह्यरेषा आणि एक ढोबळ रंग उरतो. क्विल्ट, बर्ल, बर्ड्सआय यांचा फरक तिथे संपतो आणि गडद निळी, गडद जांभळी किंवा गडद हिरवी वाद्ये मंचावरच्या प्रकाशात बरेचदा काळीच भासतात. पांढरे किंवा फिकट क्रीम वाद्य मात्र पडेल तो रंग अंगावर घेते, आणि लाल वाद्य निळ्या झोतात काळे पडते. मंचावर वाजवणाऱ्याने हे आधीच जमेस धरावे. घरी वाजवणाऱ्याने या तिसऱ्या अंतराची चिंता करू नये.

तिन्ही अंतरांना कागदावर एक, दोन, तीन असा अग्रक्रम द्यावा. पुढच्या बहुतेक शंका त्या आकड्यांवरून सुटतात.

पायरी ३ : बाह्यरेषा

रंगाआधी आकार ठरला पाहिजे. इलेक्ट्रिक वाद्यांचे आजचे बहुतेक आकार मोजक्या घराण्यांतून आले आहेत, आणि आपली नजर कोणत्या घराण्याकडे वळते हे समजले की निम्मे काम होते. फेंडरची १९५० सालची एका कटावाची (नेकशेजारी एकाच बाजूने खाच घेतलेली) सपाट फळी, जिला पुढे टेलिकास्टर हे नाव मिळाले, ती साधेपणाचे एक टोक. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पोट आणि कोपर यांच्यासाठी फळी तासली गेली आणि दोन शिंगांचा प्रवाही आकार रुळला. १९५८ च्या जॅझमास्टरने कंबर तिरकी केली, तीच तिरकी कंबर १९६० च्या जॅझ बेसमध्ये आली. गिब्सनने १९५८ मध्येच फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर हे सरळ रेषांचे आकार आणले, आणि १९६३ च्या थंडरबर्ड बेसची रेखाटणी तर मोटारींचे डिझाइन करणाऱ्या रे डिट्रिच यांनी केली होती. १९७० च्या दशकात दोन नवे प्रवाह आले : अलेम्बिक कंपनीने अनेक लाकडांचे थर उघडे दाखवणारी बेस रुजवली, तर १९७७ मध्ये नेड स्टाइनबर्गर यांनी स्पेक्टर कंपनीसाठी अंगाला लपेटणारी वक्र बॉडी आखली. त्याच स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास हेडस्टॉकच काढून टाकला.

या प्रत्येक आकाराचे भोग वाजवणाऱ्याला भोगावे लागतात. वरच्या शिंगाचे टोक, म्हणजे स्ट्रॅपचे बटण, साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत पोहोचले नाही तर नेक खाली झुकू लागतो, आणि डावा हात वाजवण्याऐवजी तोलण्यात अडकतो. थंडरबर्ड दिसायला देखणी असली तरी याच दोषासाठी ओळखली जाते. व्हीचा आकार उभ्याने शोभतो, पण मांडीवर घसरतो. बेसच्या बाबतीत हा हिशेब अधिक कडक असतो, कारण तिची स्केल लांबी (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची, म्हणजे नेकच्या टोकाच्या नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी) सामान्यतः ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर, असते, तर गिटारची २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. गिटारवर शोभणारी बॉडी जशीच्या तशी बेसला दिली की लांब नेकसमोर ती खुजी दिसते आणि तोलही बिघडतो. बेसचे वरचे शिंग लांबवलेले असते ते यामुळे. लांब शिंग नजरेला खुपत असेल तर लहान स्केलची बेस, हलके ट्यूनर किंवा हेडस्टॉक नसलेली रचना हे पर्याय आहेत. शिंग नुसतेच छाटायला सांगू नये.

आकार ठरवण्याचा खरा मार्ग पुठ्ठ्यातून जातो. कारागिराकडून किंवा स्वतः काढलेल्या रेखाटनाची पूर्ण मापाची प्रत घ्यावी, ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापावी, नेकच्या जागी योग्य लांबीची लाकडी पट्टी जोडावी आणि स्ट्रॅप लावून आरशासमोर उभे राहावे. मग बसावे. स्क्रीनवर डौलदार वाटलेली कंबर मांडीवर चार बोटे पुढे आल्याने उजवा हात किती ओढला जातो, खालचे शिंग वरच्या फ्रेटकडे जाणाऱ्या तळहाताला कुठे अडवते, उंच माणसाच्या अंगावर लहान बॉडी कशी दिसते, हे पाच मिनिटांत कळते. वरच्या शिंगाच्या आतल्या वळणाकडे विशेष लक्ष द्यावे. नेकच्या कडेपासून निघून शिंगाच्या टोकाकडे वळणारी ती रेघ जरा सपाट झाली की संपूर्ण वाद्य थकलेले दिसते, जरा जास्त खोल गेली की शिंग चिकटवल्यासारखे वाटते. पेन्सिलने दोनतीन मिलिमीटर आतबाहेर करून पाहावे, त्यासाठी पुठ्ठा पुन्हा कापावा लागला तरी हरकत नाही.

पायरी ४ : हेडस्टॉक

हेडस्टॉक बॉडीच्या वंशातला दिसला पाहिजे. टोकदार शिंगांच्या बॉडीला गोलमटोल हेडस्टॉक किंवा गुळगुळीत बॉडीला बाणासारखा हेडस्टॉक ही विसंगती कोणत्याही रंगाने झाकत नाही. शिंगाच्या टोकाची गोलाई आणि हेडस्टॉकच्या टोकाची गोलाई एकाच वक्रपट्टीने काढावी, ही माझी साधी कसोटी आहे. ट्यूनर एका रांगेत घ्यायचे की दोन्ही बाजूंना, हे तारा नटपासून ट्यूनरपर्यंत किती सरळ जातात ते पाहून ठरवावे. सरळ गेलेल्या तारा ट्यूनिंगलाही बऱ्या आणि नजरेलाही. पाच तारांच्या बेसवर तीन-दोन अशी विभागणी हेडस्टॉक आखूड ठेवते, चार-एक विभागणी जुन्या घराण्याची आठवण जपते.

प्रसिद्ध कंपन्यांच्या हेडस्टॉकचे आकार ट्रेडमार्कने संरक्षित असतात, आणि चांगला कारागीर हुबेहूब नक्कल करायला नकार देईल. त्याचा स्वतःचा हेडस्टॉक आवडत नसेल तर कारागीरच बदलावा. हीच गोष्ट एकूण शैलीलाही लागू आहे : एका कारागिराकडून दुसऱ्याचे वाद्य बनवून घेण्याचा हट्ट सहसा यशस्वी होत नाही. ज्याची साधी, रोजची वाद्ये आपल्याला आवडतात त्याच्याकडेच जावे.

पायरी ५ : रंग की लाकूड

येथे दोन वाटा फुटतात आणि दोन्हींवर एकाच वेळी चालता येत नाही. लाकूड झाकणारा सपाट रंग आकाराला बोलू देतो. पारदर्शक पॉलिश लाकडाला बोलू देते. ज्यांना पुठ्ठ्याचा आकारच भावला होता त्यांनी बहुधा सपाट रंगाकडे जावे, आणि ज्यांच्या संग्रहात अगदी जवळून घेतलेली छायाचित्रे जास्त आहेत त्यांनी लाकडाकडे.

सपाट रंगांची परंपरा मोटारींच्या रंगांतून आली. फेंडरने पन्नास आणि साठच्या दशकांत ड्यूपाँटचे मोटारींसाठी बनलेले ड्यूको आणि ल्यूसाइट रंग वापरले. फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डवर होता, तर लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकच्या रंगपत्रिकेतून आला. आज जुन्या वाद्यांवर दिसणारे रंग मात्र मूळचे नाहीत. वरचा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पारदर्शक थर काळाने पिवळा पडतो, त्यामुळे ऑलिंपिक व्हाइट साईसारखा होतो आणि निळे रंग हिरवटपणाकडे झुकतात. तेव्हा कारागिराला रंगाचे नुसते नाव सांगू नये. तो रंग नवा असतानाचा हवा की साठ वर्षांनी दिसतो तसा, हे नमुना दाखवून ठरवावे. नायट्रो लॅकर घेतल्यास रंग आणखी पिवळा होत जाईल, हेही गृहीत धरावे. पॉलियुरेथेन आणि पॉलिस्टर पुष्कळ स्थिर राहतात. १९५८ ते १९६० या काळातल्या गिब्सनच्या सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडांकडे गडद) लेस पॉल गिटारवरचा लाल रंग प्रकाशात टिकणारा नव्हता, म्हणून एकाच कारखान्यातून निघालेल्या त्या गिटार आज मधापासून लिंबाच्या सालीपर्यंत वेगवेगळ्या छटांत दिसतात. कोणी ‘अस्सल सनबर्स्ट’ मागितला तर ‘यांपैकी कोणता?’ हा कारागिराचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

लाकडाच्या वाटेवर आधी रेषा आणि नक्षी यांतला फरक ओळखावा. ॲश आणि महोगनी यांची छिद्रे मोठी असतात. ती भरली नाहीत तर पॉलिशखाली पोत जाणवतो, भरली तर काचेसारखा पृष्ठभाग मिळतो. ॲशच्या छिद्रांत विरोधी रंग भरून रेषा उठवण्याचीही जुनी पद्धत आहे. ऑल्डर सौम्य रेषांचा असतो आणि रंगाखाली जायलाच योग्य. फ्लेम आणि क्विल्ट मेपल ही प्रकाशाशी खेळणारी लाकडे. फळी मधोमध चिरून पुस्तकाप्रमाणे उघडून जोडली, म्हणजे बुकमॅच केली, की दोन्ही अर्धे आरशातल्या प्रतिमेसारखे दिसावेत अशी अपेक्षा असते. पण तंतूंचा उतार दोन बाजूंना उलटा होत असल्याने एका कोनातून डावा अर्धा उजळ आणि उजवा गडद दिसतो, वाद्य फिरवले की उलट. काहींना हीच गंमत वाटते, काहींना ती डाग पडल्यासारखी वाटते. फळी निवडताना ती हातात घेऊन, किंवा निदान व्हिडिओवर, फिरवून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

रंगवलेल्या मेपलविषयी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. मेपल मुळात पिवळसर असतो, म्हणून त्यावर निळा डाय (लाकडात मुरणारा रंग) थेट लावला की हिरवट झाक येते. जाणते कारागीर डायचे मिश्रण बदलून ती काढतात. नक्षी उठवण्यासाठी आधी काळा किंवा तपकिरी डाय लावून तो घासून काढतात, मग खोलगट तंतूंत गडदपणा उरतो आणि वर मुख्य रंग चढतो. हे किती करायचे याला मर्यादा हवी. काळा डाय अति झाला की क्विल्ट लाकूड न वाटता छापील कागद वाटू लागते.

ज्यांना रंग न लावता लाकडाचाच रंग हवा आहे त्यांनी तो टिकाऊ मानू नये. पर्पलहार्ट कापल्यावर जरा मळकट असतो, हवेत आणि उजेडात गडद जांभळा होतो आणि पुढे तपकिरीकडे जातो. पडाउकचा तांबडा-केशरी रंग काही वर्षांत विटकरी-तपकिरी होतो. या दोन लाकडांच्या आजच्या रंगविरोधावर सगळी रचना उभी केली तर उद्या दोन तपकिरी पट्ट्या शेजारीशेजारी उरतील. अक्रोड, वेंगे, आबनूस आणि मेपल यांचा विरोध अधिक टिकतो, कारण तो रंगापेक्षा उजळ आणि गडद यांच्यातला असतो.

नमुना ज्या फळीतून टॉप काढला जाणार आहे तिच्याच उरलेल्या तुकड्यावर, शेवटच्या पारदर्शक थरासकट, करून मागावा. तो दिवसाच्या उजेडात, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि पांढऱ्या एलईडीखाली असा तीनदा पाहावा. एकच रंग तिन्ही ठिकाणी तीन स्वभाव दाखवतो. वेळ हाताशी असेल तर तुकड्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून खिडकीत ठेवावा. काही आठवड्यांनी कागद काढल्यावर मधोमध रेघ दिसली तर डाय बदलून मागावा.

चकाकीचा निर्णयही इथलाच. ग्लॉस पॉलिश नक्षीला खोली देते, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे दाखवते. सॅटिन पॉलिश शांत दिसते. मात्र कोपर आणि मनगट घासते तिथे ते हळूहळू चमकू लागते आणि मॅट बॉडीवर एक चकचकीत लांबट डाग उमटतो. तेलाचे फिनिश अक्रोडावर अतिशय सुंदर दिसते आणि घरच्या घरी दुरुस्त होते; उघड्या मेपलवर ते मळते. माझी पसंती विचाराल तर टॉप ग्लॉस आणि नेकची पाठ सॅटिन किंवा तेलाची, कारण तिथे नजरेपेक्षा तळहाताचे मत मोठे.

पायरी ६ : मुख्य पात्र एकच

आता आतापर्यंतच्या निर्णयांकडे पाहून एक वाक्य लिहावे : ‘या वाद्यात सर्वांत आधी डोळ्यांत भरावी अशी गोष्ट म्हणजे…’. त्या वाक्यात ‘आणि’ येता कामा नये. समजा, कोणाला पाच तारांची बेस हवी आहे : निळ्या क्विल्टचा टॉप, सोनेरी हार्डवेअर, फ्रेटबोर्डवर वेलबुट्टीचे जडावकाम, लाकडी झाकणांचे पिकअप आणि क्रीम बाइंडिंग. मुख्य पात्र निळा टॉप असेल तर सोनेरी हार्डवेअर त्याच्यावर कुरघोडी करते. तिथे काळे किंवा निकेल हवे. वेलबुट्टी फ्रेटबोर्डवरून सरळ टॉपच्या नक्षीत घुसते, म्हणून आबनुसाचा कोरा फ्रेटबोर्ड आणि कडेवर ठिपके पुरेत. पिकअपची झाकणे त्याच टॉपच्या लाकडाची केली तर काळे चौकोन नाहीसे होतात आणि नक्षी अखंड राहते, तेव्हा ती ठेवावीत. क्रीम बाइंडिंगऐवजी टॉपची कड न रंगवता सोडली की तिथे मेपलची नैसर्गिक रेघ आपोआप मिळते. पाचांतल्या दोन गोष्टी गेल्या, एक बदलली, आणि निळा आता निळा दिसतो.

असे न केल्यास काय होते ते बेस वाजवणाऱ्यांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे : बर्ल, शिंपला आणि सोने यांनी लदलेल्या वाद्याला तिथे चेष्टेने ‘कॉफी टेबल’ म्हणतात. चेष्टा जरा निर्दय आहे, आणि काही कॉफी टेबले खरोखर अप्रतिम असतात. पण ती अप्रतिम असतात कारण त्यांतल्या लाकडांच्या छटा एकाच कुळातल्या निवडलेल्या असतात.

सपाट रंगाच्या वाद्याला उलट थोडा विरोध लागतो. एकरंगी बॉडीवर पिकगार्ड (ओरखड्यांपासून बचाव करणारी पातळ पट्टी) नसेल तर मोठा मोकळा पृष्ठभाग उरतो, आणि तो पेलण्याइतका आकार देखणा असावा लागतो. कासवपाठी पिकगार्ड पांढऱ्या, फिकट निळ्या आणि लाल बॉडीवर खुलतो. साठच्या दशकातल्या पांढऱ्या सेल्युलॉइड पिकगार्डना वयानुसार जी हिरवट झाक आली, ती आता मुद्दाम रंगवून मिळते. जुनाट क्रीम बॉडीवर ती जुळते, नव्याकोऱ्या शुभ्र बॉडीवर मळकी दिसते. फ्रेटबोर्डचा रंग याच वेळी पाहावा. उजळ मेपलचा फ्रेटबोर्ड बॉडीला हलकी आणि ताजी करतो, गडद शिसवी किंवा आबनूस तिला भारदस्त करतो. भट्टीत भाजलेला मेपल या दोहोंच्या मधला, मधाच्या रंगाचा. तो बहुतेक रंगांशी जमवून घेतो.

पायरी ७ : धातू, पिकअप आणि नॉब

क्रोमची झाक निळसर आणि थंड असते व ती बदलत नाही. निकेलची झाक उबदार असते आणि काळाने मंदावते. जुन्या धाटणीच्या वाद्याला निकेल, आधुनिकाला क्रोम किंवा काळे, एवढे सूत्र सहसा पुरते. सोनेरी मुलामा ब्रिजवर जिथे तळहात टेकतो तिथून उडतो. ते रूप आवडत असेल तरच सोनेरी घ्यावे. ब्रिज, ट्यूनर, नॉब, स्ट्रॅपची बटणे, जॅकची पट्टी आणि सर्व स्क्रू यांचा रंग एकत्र लिहून द्यावा. काळ्या ब्रिजला रुपेरी स्क्रू लागलेली महागडी बेस पाहिली की चुकचुकल्यासारखे होते, आणि हे प्रत्यक्षात वारंवार घडते.

पिकअपची जागा आवाजाने ठरते, म्हणून ती सजावटीसाठी सरकवू नये. उलट, ती कळल्यावरच टॉपचे रेखाटन पुरे मानावे. बेसवरचे सोपबार पिकअप मोठे काळे आयत असतात आणि रचनेत त्यांना वजन असते. त्यांच्या कडा ब्रिजशी समांतर आहेत का आणि दोन पिकअपमधली मोकळी जागा फ्रेटबोर्डच्या टोकापासून ब्रिजपर्यंत कशी पडते, हे पूर्ण मापाच्या कागदावर काळे तुकडे ठेवून पाहावे. नॉब जितके कमी तितके चांगले, असे माझे मत. पाच नॉब लागतच असतील तर दोन एकावर एक बसणारे घ्यावेत आणि सर्वांची रांग बॉडीच्या खालच्या कडेच्या वळणाला धरून असावी.

पायरी ८ : जडावकाम, ठिपके, बाइंडिंग

येथे हात आखडता घ्यावा. कडेवरचे ठिपके मात्र मोठे आणि स्पष्ट घ्यावेत, अंधाऱ्या मंचासाठी चमकणारे ठिपकेही मिळतात. चौकोनी ठोकळ्यांचे जडावकाम जॅझ बेसवर १९६६ पासून आले आणि बाइंडिंगसह ते सत्तरच्या दशकाची चाहूल देते. बाकीचे रूप साठच्या आरंभीचे असेल तर साधे गोल ठिपके जुळतात. पुढच्या बाजूला काहीच न ठेवणे हाही उत्तम पर्याय आहे.

वाद्य सीमेपलीकडून मागवायचे असेल तर लाकडाची निवड कायद्याशीही निगडित होते. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याचा व्यापार जवळपास बंद आहे. शिसवीच्या कुळातल्या बाकी जातींवर २०१७ च्या आरंभी परवान्याचे बंधन आले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण सुट्या लाकडाला ती नाही. केवळ नावाच्या मोहाने ब्राझिलियन फ्रेटबोर्ड मागणाऱ्याने आधी परवान्याची चौकशी करावी.

पायरी ९ : मुद्दाम जुने केलेले रूप

फेंडर कस्टम शॉपने १९९५ मध्ये ‘रेलिक’ वाद्ये आणली आणि नवे वाद्य जुने दिसावे ही मागणी रूढ झाली. कोणाला हे ढोंग वाटते, कोणाला पहिल्या ओरखड्याच्या भीतीतून सुटका. माझा आक्षेप फक्त कृत्रिम झिजेच्या जागेला असतो. झीज जिथे कोपर टेकते, पट्ट्याचे बक्कल घासते, अंगठा विसावतो तिथेच असावी. खालच्या शिंगावर कारण नसताना उडालेला रंग लगेच पकडला जातो. शंका असेल तर पातळ नायट्रो लॅकर घ्यावे. ते आपल्या हाताने झिजेल.

पायरी १० : ऑर्डरचा कागद

आता सगळे एका पानावर आणावे. रंगासाठी विशेषणे वापरू नयेत. ‘गडद निळा’ म्हणजे दहा जणांचे दहा निळे. रंगाचा क्रमांक किंवा मंजूर केलेला लाकडी तुकडा हाच आधार मानावा आणि त्या तुकड्याच्या पाठीवर दोघांच्या सह्या असाव्यात. वजनाची मर्यादा लिहावी, कारण जाड टॉप आणि जड लाकूड निवडून वर हलकी बेस मागणे न्याय्य नाही. चार किलोंच्या आसपासची बेस बहुतेकांना पेलते. कोणत्या गोष्टी कारागिराच्या विवेकावर सोडल्या आहेत तेही लिहावे. कडेची गोलाई, नेकच्या जोडावरचा उतार, पोटाच्या कटावाची खोली या गोष्टी हाताने घडतात आणि चांगल्या हातावर सोडलेल्या बऱ्या.

मंजुरीसाठी दोन थांबे ठरवावेत : बॉडी तासून झाल्यावर आणि डाय लागल्यावर, पारदर्शक थर चढण्यापूर्वी. पहिल्या थांब्यावर शिंगांची वळणे पुठ्ठ्याशी ताडून पाहावीत, दुसऱ्यावर रंग सही केलेल्या तुकड्याशी. पारदर्शक थर चढल्यानंतर रंगाविषयी मत बदलले तर सारे घासून पहिल्यापासून करावे लागते, आणि टॉपचा पातळ पत्रा दर वेळी ते सहन करेलच असे नाही.

वाद्य ताब्यात घेताना तो सही केलेला तुकडा, उरलेल्या रंगाची लहान बाटली आणि कोणते थर कोणत्या क्रमाने दिले याची नोंद मागून घ्यावी. नायट्रो लॅकर नव्या लॅकरमध्ये विरघळून एकजीव होते, त्यामुळे खपली उडाल्यास भरता येते. पॉलिस्टर तसे मिसळत नाही आणि त्याची दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने होते, म्हणून पुढे कोणाही दुरुस्ती करणाऱ्याला ही नोंद लागतेच. नायट्रो असेल तर रबर किंवा फोमच्या आधाराचा स्टँड वापरण्यापूर्वी त्यावर सुती कापड गुंडाळावे. काही रबरांची नायट्रोशी प्रतिक्रिया होते आणि जिथे वाद्य टेकले होते तिथे न पुसला जाणारा डाग पडतो.